दोन फूट खाली उतरवलेला पूर

पंचगंगेचा पूर आजवर कुणाला आवरला नाही. मी मात्र तो एका दुपारी दोन फूट खाली आणला. हातात तांबड्या ऑइल पेंटचा डबा, एक ब्रश आणि शाळेतून आणलेली फळ्यावरची लाकडी मीटरपट्टी, एवढीच सामग्री होती. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, हेही आधीच सांगून टाकतो. ते मागाहून कळलं तर लोक जास्त हसतात.

मी स्वतः कोल्हापुरात, उंचावरच्या उपनगरात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझा थोरला भाऊ म्हणायचा, "भूगोल शिकलेला माणूस बरोबर चढाला जाऊन बसला." मूळ घर गावात, नदीच्या वळणात. आमची गल्ली वरून खाली नदीकडं उतरत जाते. पाच घरं. आमचं तिसरं. शेवटच्या, नदीजवळच्या घराला तेव्हा कुलूप असायचं, कारण त्याचा मालक बायकोसकट इचलकरंजीला यंत्रमाग चालवत होता. दादाही तेव्हा गावात नसायचा. नोकरी वारणानगरला, कॉलनीत खोली, आठवड्याच्या सुट्टीला घरी. घरात आई, वहिनी आणि पुतण्या.

मोठा पूर आला तेव्हा दादा वारणानगरलाच अडकला. रस्ते बंद. तिघांना बोटीतून बाहेर काढलं ते मी. म्हणजे काढलं बोटवाल्यांनी, मी काठावर उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. पाणी उतरल्यावर घर धुवायला गेलो, तर पुढच्या भिंतीवर चिखलाची सरळ रेघ उठलेली. माझ्या छातीला लागायची. मी तिच्यावरून तांबडी रेष ओढली आणि वर लिहिलं, 'पूर'. माझं अक्षर बरं आहे. ते बघून गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या भिंतीवर तसंच लिहून घेतलं. पाच घरं, पाच रेषा; कुलूपबंद शेवटच्या घरावरही चिखलाची खूण धरून मीच ओढली. दादा आठ-दहा दिवसांनी आला. तोवर चिखलही निघाला होता. रेषेसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाह्यजे हुतो हितं." त्यानंतर त्या पुराबद्दल तो कधी बोलला नाही, आणि सुट्टीला आला की रेषेकडं न बघता मान खाली घालून घरात शिरायचा.

मग पुतण्याचं लग्न ठरवायची वेळ आली.

पहिले पाहुणे पन्हाळ्याच्या बाजूचे, चढावरचे. पोहे झाले, चहा झाला, जमिनीची चौकशी झाली. जाताना मुलीचा बाप भिंतीशी गेला, रेषेला पाठ लावून उभा राहिला, उंची मोजतात तसा. रेष त्याच्या खांद्याला लागली. माणूस बुटका होता, हे आमचं दुर्दैव. म्हणाला, "पावणं, तुमचं समदं ब्येस हाय. पण आमी पोरीला पवायला शिकवल्याली न्हाय." दुसरे पाहुणे तर आत आलेच नाहीत, दारातूनच रेष बघून "पुन्हा येतो" म्हणाले.

वहिनीनं मला गाठलं. "भावजी, तुमी काढलीसा ती रेष. तुमीच पुसा."

मी म्हटलं, "वहिनी, सगळ्या गल्लीत रेषा आणि आपलीच भिंत कोरी, हे जास्त संशयाचं."

"मग खाली घ्या."

"आणि शेजारच्यांच्या वर राहिल्या तर? पाणी समपातळीत राहतं. हे मी सातवीला शिकवतो."

वहिनी कधी शाळेत फारशी गेली नाही, पण तिनं माझ्याकडं जे बघितलं त्यात सगळं उत्तर होतं. ती शेजारच्या घरी गेली, त्यांच्या शेजारी गेली. नदीकाठच्या गावात पुराच्या पाण्यापेक्षा लग्नाळू पोरं जास्त साठलेली असतात. कुणी नाही म्हटलं नाही. भिंतींना नवा रंग दिला, आणि मी प्रत्येक घरी रंगाआधी घेतलेली जुन्या रेषेची खूण धरून बरोबर दोन फूट खाली नवी रेष ओढली. मीटरपट्टी होती म्हणून काम कसं शास्त्रशुद्ध झालं. शेवटच्या घराला कुलूप होतं. त्याची रेष वर राहिली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. मी ती मालकाला न विचारताच उतरवली. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघितलं तर पाचही रेषा एका ओळीत. मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

तिसरे पाहुणे आले. मुलीच्या बापानं रेषेकडं बघितलं, मांडीला हात लावला. "हां. एवढं तर आमच्या ओढ्यालाबी येतंय." लग्न झालं. सून गुणाची मिळाली. मी दोन-तीन लग्नांत हा किस्सा दादा नसताना सांगितला आणि लोक पोट धरून हसले.

दादा रिटायर होऊन गावी आला, तेव्हा किस्सा संपला.

त्याच वर्षी आई अंगणात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती कॉटवरून उठेना. दादाच्या डोक्यात एकच बसलं होतं: मागच्या वेळी मी नव्हतो, आता आईला बोटीत घालायची पाळी यायची नाही. मागच्या अंगाला उंच जोत्यावर खोली बांधायची, पूर आला की आईला तिथं ठेवायचं. गॅस, पीठ, औषधं, सगळं वर. खाली पाणी येईल आणि जाईल.

एका रविवारी मला बोलावलं. गवंडी आलेला. त्याच्याकडं ती पारदर्शक नळी होती, पाण्यानं भरलेली. एक टोक एका खुणेला धरायचं, दुसरं हवं तिथं न्यायचं, दोन्हीकडं पाणी एकाच उंचीवर थांबतं. दादा म्हणाला, "हे टोक रेषेला धर, लेका. तेवढं तरी जमंल."

मी धरलं. गवंडी दुसरं टोक घेऊन मागं गेला, जोत्याच्या जागेवर खूण केली, मग शंका नको म्हणून शेजारच्या दोन्ही घरांच्या रेषाही नळीनं तपासून आला. "मास्तर, एका सुताचा फरक न्हाय. काय रेष काढलीया! पाण्याला खोटं बोलता येत न्हाय बगा."

दादा म्हणाला, "ह्याच्यावर अर्धा फूट चढवा जोतं. बास."

सून चहा घेऊन उभी होती. मी वहिनीकडं बघितलं. वहिनी चहाकडं बघत होती. मी म्हटलं, "दादा, अजून दोन-तीन फूट घेतलं तर?"

"आईला खोलीत न्यायचंय का माळ्यावर टाकायचंय?"

गवंडी हसला. मीही हसलो. दादाला एकट्याला गाठून सांगू, असं ठरवलं. पुढच्या रविवारी गेलो तर जोतं भरून झालं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी भिंती. मग स्लॅब. प्रत्येक रविवारी सांगणं थोडं थोडं अवघड होत गेलं, आणि वहिनीला वाटत राहिलं मी सांगितलं असेल, मला वाटत राहिलं वहिनीनं सांगितलं असेल. दोघांनाही माहीत होतं की कुणीच सांगितलेलं नाही. त्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं पुराचा आराखडा करायला घेतला: कुठल्या घरात किती पाणी येतं, कुणाला कधी हलवायचं. आमच्या गल्लीची यादी अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडं आली. पाच घरांची माणसं भोवती उभी असताना मी भिंती बघून लिहिलं: मांडीएवढं, मांडीएवढं, मांडीएवढं; वीतभर कमी-जास्त असलं तरी तेच. खाली सही केली.

मग तो पावसाळा.

धरणावर पाऊस सुरू झाला आणि थांबेना. राधानगरीचं पहिलं दार उघडलं, मग दुसरं, आणि तिसऱ्यानंतर लोकांनी मोजणं सोडून दिलं. शाळांना सुट्टी लागली. मी रोज दादाला फोन करायचो. रोज तो म्हणायचा, "रेषंला अजून लई वाव हाय."

चौथ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली. गावच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ऊस होता, पण उसाचे फक्त शेंडे दिसत होते, एखाद्या मोठ्या हिरव्या गादीसारखे, आणि ती गादी हळूहळू हलत होती. ओढ्याच्या मोरीवर पाणी रस्त्याला टेकलं होतं. अजून वर आलं नव्हतं. मोरीवर उभा असलेला पोलीस म्हणाला, "पावणं, दुपारच्या आत परत फिरा. मग सोडणार न्हाय."

गल्लीत शिरलो तर आवाज नव्हता. पूर मोठा असला की नदीचा आवाज बंद होतो, हे मला पुस्तकात कुठं मिळालं नाही. आमच्याकडं पाणी नदीकडनं येतही नाही. मागनं, ओढ्यातनं, गटारीतनं येतं, चोरपावलांनी. परसातल्या दगडावर एक विरोळा वेटोळं घालून बसला होता. मला बघून हलला नाही. त्याला जायला दुसरी जागा नसावी.

आणि पहिली, दुसरी, चौथी, तिन्ही घरं बंद. कुलपं.

दादा दारात बसून जनावरांचे दोर गुंडाळत होता. म्हशी त्यानं आदल्या दिवशी माळावर पाठवल्या होत्या. म्हणाला, "भित्री जात. पहाटंच भरलं सामान आन् गेली. मी इचारलं, आरं रेष कुठं, पाणी कुठं? एकबी बोलंना. खाली मान घालून ट्रॉलीत बसली."

ज्या ज्या शेजाऱ्यांनी रेष उतरवून घेतली होती ते सगळे निघून गेले होते. राहिली होती दोन घरं: आमचं, आणि शेवटचं. इचलकरंजीचा माग विकून ते नवरा-बायको वर्षभरापूर्वीच घरी राहायला आले होते.

आई नव्या खोलीत कॉटवर होती. सून तिला पेज भरवत होती. वहिनी पिठाचे डबे फळीवर लावत होती, एकावर एक, अगदी वरच्या फळीवर. खालच्या दोन फळ्या तिनं रिकाम्या ठेवलेल्या मी बघितल्या. गवंडीही आला होता, दादानंच बोलावलेला. नळी लावून पुन्हा एकदा खात्री करायला.

मी सुरुवात केली. दादाला म्हटलं, "अरे, आता नदी पहिल्यासारखी राहिली नाही. हायवेचा भराव झालाय, पाणी तुंबतं. खालच्या धरणात दाटलेल्या पाण्याची फुग वरपर्यंत येते. पात्रात गाळ आहे. दर पूर मागच्यासारखाच येतो असं काही नसतं..." सगळं खरं होतं. एवढं खरं मी आयुष्यात एका दमात कधी बोललो नसेन. फक्त जे सांगायचं ते सोडून.

दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुजं पुस्तक ऱ्हाऊ दे मास्तर. हितं भिंतीवर लिवलंय की."

"भिंतीवर लिहिलेलं चुकू शकतं."

"कुणी लिवलंय?"

मी गवंड्याच्या नळीकडं बघितलं.

"तूच की," दादा म्हणाला. "आईला बोटीतनं तू काढलंस, रेष तू मारलीस. मी कोण इचारणार? मी न्हवतोच."

त्याच्या आवाजात टोमणा असता तर मी आणखी एखादं पुस्तकी कारण काढलं असतं. टोमणा नव्हता. माझ्यावर एवढा विश्वास आमच्या हेडमास्तरांनीही कधी दाखवला नाही.

"दादा, ती रेष खोटी आहे," मी म्हटलं. "लग्नासाठी खाली घेतली. मीच."

वहिनीच्या हातातला डबा तिथंच थांबला. सुनेनं चमचा वाटीत ठेवला. दादानं मान वळवली. वहिनीकडं बघितलं, आणि तिनं नजर चुकवली तेव्हा त्याला पटलं.

"किती?"

"दोन फूट."

तो उठला. गवंड्याला म्हणाला, "फुडं चल. रेषंच्या वर दोन फूट धर." स्वतः नळीचं दुसरं टोक घेऊन खोलीत आला, आईच्या कॉटशेजारी उभा राहिला. नळीतलं पाणी वर-खाली झालं, डुचमळलं, आणि थांबलं. आईच्या गादीच्या काठाला बरोबर लागून. आई त्या नळीकडं बघत म्हणाली, "ह्ये काय, सलाईन लावतोय व्हय?"

कुणी हसलं नाही.

मला वाटलं दादा मारेल. लहानपणी मारायचा. त्यानं नळी गुंडाळून गवंड्याच्या हातात दिली आणि म्हशींबरोबर माळावर गेलेल्या पुतण्याला फोन केला, "ट्रॅक्टर आण. आत्ता." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्या शेवटच्या घरात जा. त्येला सांग. माझ्यासारखा त्योबी न्हवता हितं."

शेवटच्या घरी परसात घोट्याएवढं पाणी आलं होतं. मालक ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. मी सगळं सांगितलं, कुलूप असताना त्याच्या भिंतीला हात लावला तेही. तो ऐकत राहिला, तंबाखू तोंडात टाकली.

"मजी मला न इचारता?"

"हो."

"आन् आता म्हंतोस, उठ."

"हो."

"मास्तर, रेषबी तुजीच, आन् शब्दबी तुजाच. कुठला खरा धरू?"

मी हात जोडले. त्याची बायको दारात आली होती, ती म्हणाली, "जाऊया की वो." त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. "गल्लीत समदी घरं रिकामी झाली की कोण फिरतंय म्हाईत हाय मला. आमी आज ऱ्हातो. रेषंजवळ आलं की बगू." मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो. घोट्याचं पाणी तेवढ्यात पोटरीला आलं. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजायला लागला.

आईला कॉटसकट ट्रॉलीत चढवलं. चार बाजूंनी चौघं: दादा, पुतण्या, गवंडी आणि मी. वर ताडपत्री. मोरीवर आता पाणी वाहत होतं. पोलिसानं शिट्टी वाजवली, मग कॉट बघून हात केला. ट्रॉलीची चाकं पाण्यात गेली तेव्हा आईनं डोळे मिटले. दादानं एका हातानं कॉट धरली होती, दुसऱ्या हातानं आईचा पाय. ट्रॉली एका बाजूला किंचित सरकली. पुतण्यानं ब्रेक लावला नाही, ते बरं केलं. पलीकडं लागलो तेव्हा तिनं ते उघडले.

हायवेच्या कडेला उंचावर येऊन ट्रॅक्टर थांबला. सून माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "मामा, एक सांगू का? माहेरी आमच्या आबांना तवाच कळलं होतं."

"काय?"

"रेषेचं. देवघराच्या दाराला आतल्या अंगानं पाण्याचा डाग होता, छातीएवढ्या उंचीला. तिथं तुम्ही रंग मारायला इसरला होता. आबा घरी येऊन म्हणालं, पाणी लई येतंय त्यांच्यात. पण रेष खाली घेऊन पोरगी मागत्यात, मजी पोराची काळजी हाय त्यांस्नी. द्या तिकडंच."

मी दादाकडं बघितलं. त्यानं ऐकलं होतं. म्हणजे व्याही फसला नव्हता, शेजारी फसले नव्हते, मी आणि वहिनी तर फसवणारेच. एवढा खटाटोप करून आम्ही फसवलं ते कुणाला, तर जो मोठ्या पुराला घरी नव्हता त्यालाच. दादानं ताडपत्रीचा कोपरा आईच्या पायांवर नीट ओढला.

शाळेत निवारा केला होता. आईला एका वर्गात ठेवलं. तिसरा प्रहर झाला तशी गावाकडून शेवटची माणसं येऊ लागली, भिजलेली, कोंबड्या बगलेत धरून. प्रत्येक जण एकच सांगायचा: मोरी बुडाली, पाणी चढतंय. शेवटच्या घरचा फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं. मग लागायचाही बंद झाला.

व्हरांड्यात टेबल टाकून एक अधिकारी बसले होते. समोर ग्रामपंचायतीचा आराखडा, आणि भोवती दहा माणसं, प्रत्येकाला बोट आपल्याच माणसांकडं पाठवायची होती. बोटी दोनच होत्या. दादा मला दंडाला धरून तिथं घेऊन गेला. लहानपणी मास्तरांपुढं उभं करायचा तसं.

मी पत्ता सांगितला. साहेबांनी पेन फिरवत यादीत आमची गल्ली शोधली. "दोन माणसं... शेवटचं घर... मांडीएवढं. अहो, मांडीएवढ्या पाण्याला आत्ता बोट देता येत नाही. तिकडं छपरावर माणसं आहेत. ह्यांना उद्या काढू, ओट्यावर बसून राहतील निवांत."

"मांडीएवढं नाही साहेब," मी म्हटलं. "छातीच्या वर. आणि ते शेवटचं घर सगळ्यांत खाली आहे."

"इथं लिहिलंय."

"ते चूक आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

भोवतीच्या दहाजणांनी माझ्याकडं बघितलं. त्यांत आमच्या गल्लीचे ते तिघंही होते, पहाटे निघून आलेले. ते पावसाकडं बघायला लागले. दादाची बोटं माझ्या दंडात रुतलेली होती.

"खालची सही बघा," मी म्हटलं. "ती माझी आहे. मी जाणूनबुजून खोटं लिहिलंय."

साहेबांनी सही बघितली, मला बघितलं. भूगोलाच्या मास्तरांकडं कुणी असं बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी यादीवर काट मारली आणि खुर्चीवरून उठून पावसातल्या बोटवाल्यांना हाक मारली. बोटवाले म्हणाले, गल्ली कुठली ते दाखवायला माणूस पाहिजे, खुणा सगळ्या बुडाल्यात.

दादानं माझा दंड सोडला. मला पोहता येत नाही, हे त्याला माहीत होतं. जाकीट घातल्यावर त्यानं स्वतः त्याचा पट्टा माझ्या छातीवर आवळला, जरा जास्तच घट्ट, आणि म्हणाला, "जा."